साखळी दोन बोटं

दिग्रस, ३ मार्च २०२५

सुरभी बेटा,

खूप खूप दुआ. काल कपिल गाडी टेम्पोत चढवून लोहाऱ्याला घेऊन गेला, तेव्हा तू पुढच्या सीटवर गुडघ्यांवर उलटी बसून मागच्या काचेतून गाडीकडेच बघत होतीस. मला टाटा करायचं विसरलीस. मी रागावलो नाही. दहा वर्षांच्या मुलीला स्वतःची मोटरसायकल मिळाली की म्हातारे दिसेनासे होतात, हे मला मान्य आहे.

ही गाडी तीन वर्षं राजकुमार शेठच्या गोदामात बारदानाखाली पडून होती. त्यांच्या मुलाचे गुडघे हँडलला लागायला लागले, तसं तिला कोणी विचारेना. या थंडीत मी तिचा एकेक नट उघडला, पुसला आणि परत बसवला. साखळी नवी टाकली. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही. ती मातीची गाडी आहे. देवसिंग सर गाडी शिकवतात त्या मैदानावरच चालवायची, रस्त्यावर चुकूनही न्यायची नाही.

आता माझी अट ऐक. मी कापसाच्या जिनिंग मिलमध्ये एकतीस वर्षं फिटर होतो. तुझे बाबा, कपिल, तेव्हा तिथे काट्यावर वजन लिहायचे, म्हणून तर आमची ओळख. मशीन दुरुस्त झालं की बटन दाबायच्या आधी मी ओरडायचो, "हात दाखवा!" आजूबाजूची सगळी माणसं, बाया, दोन्ही हात वर करायची. हवेत कापूस तरंगत असायचा आणि त्यात ते पांढरे झालेले हात. मी ते मोजायचो. एक जरी कमी भरला तरी मशीन सुरू व्हायचं नाही. तसं तू गाडीवर बसायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारायची, घाई न करता.

टायर अंगठ्याने दाबून बघ. ब्रेक दाबून गाडी ढकल, ती हलता कामा नये. ॲक्सिलेटर पिळून सोडला की तो आपोआप मागे आला पाहिजे. रेंगाळला तर त्या दिवशी सुट्टी. लाल दोरी मनगटाला बांध, म्हणजे तू पडलीस की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद पडेल. साखळी खालच्या बाजूने मधोमध उचलून बघ, दोन बोटं वरखाली हलली पाहिजे. जास्त नको, कमीही नको. आणि चाकाच्या तारा पेचकसने एकेक वाजव आणि त्यांचा आवाज मला लिहून पाठव.

फोन करायचा नाही. लिहायचं. फोनवर माणूस "सगळं ठीक" म्हणून मोकळा होतो, कागदावर त्याला एकेक गोष्ट आठवावी लागते.

तुझ्या आईने, निकिताने, कपिलला काय बजावलं आहे ते मला ठाऊक आहे. एक चूक निघाली की गाडी परत दिग्रसला. आईचं बरोबरच आहे. म्हणून खोटं लिहू नको आणि घाबरून काही लपवूही नको.

तुझा,
रहेमानचाचा

*

लोहारा, ९ मार्च २०२५

रहेमानचाचा,

टाटा. हा त्या दिवशीचा राहिलेला.

आज ऊन यायच्या आधीच आम्ही मैदानावर गेलो. मैदान म्हणजे मुरूम काढून काढून झालेला खड्डा आहे, पण आत उतरलं की खड्डा वाटत नाही. चारी बाजूंनी लाल भिंती, वर नुसतं आभाळ, आणि भिंतींच्या काठावर पळस. तो आत्ता इतका फुलला आहे की खालून बघताना मान दुखते. आम्ही आठ जण आहोत, त्यात मुली दोन. देवसिंग सर सगळ्यांचं हेल्मेट हलवून बघतात आणि लाल दोरी ओढून बघतात. बाकीची तपासणी घरून करून आणायची आणि कागदावर मोठ्या माणसाची सही आणायची. माझ्या कागदावर बाबांची सही असते, पण तपासते मीच.

तपासताना मला वाटतं की गाडी झोपली आहे आणि मी जिथे हात लावते तेवढीच ती जागी होते. आधी टायर जागे होतात. मग ब्रेक. ॲक्सिलेटर सोडला की तो टप्पकन मागे येतो, जणू त्याला मी उगाच उठवलं. तारांचे आवाज असे: पुढच्या चाकाच्या टिण टिण टिण टिण, आणि हवा भरायच्या नळीजवळची एक ठप्प. बाबांनी ती जराशी पिळली, आता तीपण टिण म्हणते. मागच्या सगळ्या टुण.

साखळी साडेतीन बोटं हलत होती. मी तीनदा मोजली. बाबा म्हणाले, "चाचानं दोन सांगतली ना? मंग दोनच पाह्यजे." त्यांनी मागचं चाक थोडं मागे सरकवून साखळी ताणली. आता दोन म्हणजे दोनच. आईला आम्ही हे सांगितलं नाही. तुम्हाला लिहिलं म्हणजे ते लपवलेलं होत नाही ना?

मी तुमच्या आरजूदीदीच्या नंबरवर दोनदा फोन लावला. ती म्हणाली, "दादाजी फोनच घेत नाईत." तुम्ही खरंच रागावला आहात का?

तुमची,
सुरभी

*

दिग्रस, १४ मार्च २०२५

सुरभी बेटा,

तुझ्यावर रागावायला मला अजून जागा सापडलेली नाही. फोनचं मी सांगितलंच आहे, कागद बरा.

साखळी सैल पडली यात चूक कसली? नवी साखळी सुरुवातीला ढिली होतेच, त्यात टेम्पोचे धक्के. कपिलने ताणली ते चांगलं केलं. पण आईला सांगून टाक. आई लोकांना नंतर कळलेलं आवडत नाही.

रोजे चालू आहेत, त्यामुळे दुपारी मी दुकानाच्या पायरीवर नुसता बसून असतो. समोरून लोक जातात, रंगलेली पोरं जातात, आज धुळवड. सगळं पाण्याच्या तळाशी चालल्यासारखं संथ दिसतं. अशा वेळी मी तुझं पत्र काढतो. टिण टिण टिण टिण ठप्प. ती ओळ मी कितीदा वाचली सांगत नाही, तू हसशील. फार दिवसांनी एखादं चाक ऐकल्यासारखं वाटलं.

तुझी चाची बिस्मिल्लाबी मला ईदीवरून टोचते आहे. म्हणते, "बच्ची के काम की चीज दो." मैदानावर पडलीस तर तळहात सोलून निघतील, म्हणून चामड्याचे हातमोजे शिवायचं ठरलं. आमच्या गल्लीत फुलचंद बॅगा शिवतो, तो शिवून देईल. बाजारात तुझ्या मापाचे मिळत नाहीत. कागदावर हात ठेवून पेन्सिलने गिरव आणि पाठव.

तुझा,
रहेमानचाचा

*

लोहारा, २५ मार्च २०२५

रहेमानचाचा,

हात सोबत पाठवला आहे. उजवा. करंगळी वाकडी आली, कारण मांजर कागदावर येऊन बसलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगतलं, बरं केलं. पुन्हा असं लपवत जाऊ नको." बस, इतकंच. मी उगाच घाबरत होते.

आता मोठी गोष्ट. मैदानाच्या मधोमध मुरमाचा एक उंचवटा आहे, त्याला आम्ही उंट म्हणतो. सर म्हणाले, १३ एप्रिलच्या रविवारी ज्यांची तयारी आहे त्यांनी उंटावरून जायचं. वर पोचलं की क्षणभर दोन्ही चाकं जमिनीवर नसतात. मोठी मुलं सराव करताना मी बघते. ती वर जातात तेव्हा मला काहीच ऐकू येत नाही, इंजिनसुद्धा नाही. मग ती खाली येतात आणि आवाज परत येतो.

मला रोज तेच स्वप्न पडतं. मी उंटावरून वर जाते आणि खाली यायचं राहूनच जातं. खाली तूर दिसते, कापसाच्या काड्या दिसतात, आमच्या शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसतं, कंपन्यांची धुराडी. मला भीती वाटत नाही. मी नुसती तरंगत असते आणि माझ्या हातात हँडल असतं. मग आई उठवते.

आई अजून एकदाही मैदानावर आलेली नाही, पण १३ तारखेला येणार आहे. ती म्हणाली, चाचांचं हो आलं तरच. मी दर रविवारी सगळं तपासते. साखळी एकदा अडीच बोटं वाटली, तर बाबांकडून परत दोन करून घेतली. तारा सगळ्या टिण आणि टुण, ठप्प एकही नाही.

चाचा, हो म्हणा ना.

सुरभी

*

दिग्रस, २९ मार्च २०२५

सुरभी बेटा,

हो. हो. हो.

इतक्या नीट तपासणाऱ्या मुलीला नाही म्हणायला मी काय वेडा आहे? जा उंटावरून. नजर लांब ठेव, चाकाकडे बघू नको. निकिताला सांग, रहेमानचाचाने शब्द दिला आहे.

ईदच्या गडबडीत फुलचंदला सवड नाही, हातमोजे ईदनंतर. तुझा हात मी कुराणशरीफच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला आहे, म्हणजे हरवणार नाही. तुझं स्वप्न मी चाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, असं तिला लहानपणी चिंचेच्या झाडावर बसून वाटायचं.

रहेमानचाचा

*

लोहारा, १३ एप्रिल २०२५

चाचा,

मी उंटावरून गेले नाही. काल आरजूदीदीचा बाबांना फोन आला. "दादाजी म्हंतेत उद्या सुरभीले गाडीवर बसू देऊ नका. काहून ते सांगत नाईत."

तरी आम्ही मैदानावर गेलो, कारण आईने साडीला इस्त्री केली होती आणि डबा भरला होता. बाकीची सातही जणं गेली. मी मुरमाच्या ढिगावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. धूळ वर चढून तिथेच थांबत होती, वारा नव्हता. मुलं धुळीत शिरली की दिसेनाशी व्हायची आणि मग अचानक वरच्या बाजूने एकेक जण बाहेर यायचा, हवेत, उन्हात, अगदी सावकाश. सगळं इतकं सुंदर दिसत होतं की मला जास्तच राग आला.

आईने मला बाजूला नेऊन विचारलं, "चाचानं नाई म्हटलं म्हंजे काईतरी असनच. तूनं काई लपवलं का, सुरभी?" मी नाही म्हटलं. तिने परत विचारलं. मग मी सगळ्यांसमोर रडले.

मी काहीही लपवलं नाही. टायर, ब्रेक, ॲक्सिलेटर, दोरी, तारा, सगळं तपासलं. साखळी दोन बोटं. तुम्ही जसं सांगितलं अगदी तसं. तुम्हाला वाटतं का की मी घरी बसून खोटं लिहिते? की मी मुलगी आहे म्हणून तुम्ही घाबरलात? तुम्ही तीनदा हो लिहिलं होतं. मी मोजलं आहे.

मी आता तुम्हाला पत्र लिहिणार नाही.

सुरभी

*

दिग्रस, १६ एप्रिल २०२५

सुरभी बेटा आणि निकिताबेटी,

हे पत्र दोघींनी जवळ बसून वाचा.

गाडीत चूक होती. ती सुरभीने केली नाही, मी केली.

शुक्रवारी मी सुरभीच्या हाताचा कागद घेऊन फुलचंदकडे गेलो. त्याने तो पाटावर पसरला आणि हसला. "चाचा, हा हात हाये का चिमणीचा पाय?" गमतीत मी माझा हात त्या कागदावर ठेवला. माझ्या दोन बोटांखाली तिची साडेतीन बोटं झाकली गेली. मी हात उचलून परत ठेवला. पुन्हा साडेतीनच. फुलचंद पुढे काहीतरी बोलत होता, मी तिथून उठून आलो.

बेटा, तू पहिल्याच पत्रात साडेतीन लिहिलं होतंस. तीनदा मोजलंस. म्हणजे साखळी मी पाठवली तशीच होती, अगदी बरोबर. मी दोन बोटं म्हणालो ती माझी. मिलमध्ये ज्यांना ज्यांना मी शिकवलं ती सगळी मोठी माणसं, मोठे हात. माप म्हणजे आपलाच हात, असं मी आयुष्यभर धरून चाललो. तुझं "साडेतीन" वाचलं तेव्हा मी थांबायला हवं होतं. त्याऐवजी नव्या साखळीचं कारण तुला सांगून मोकळा झालो. तू माझं ऐकत गेलीस आणि साखळी ताठ होत गेली. गाडी उंचावरून खाली आली की मागचं चाक वर दबतं आणि साखळी आणखी ताणली जाते. तिच्यात ढील नसेल तर ती तुटते, किंवा चाक जागच्या जागी धरून ठेवते. त्या वेळी गाडीवर तू असतीस.

आता याहून वाईट सांगतो. आरजूला मी फक्त थांबवायला सांगितलं, कारण सांगू दिलं नाही. मनात होतं की नंतर एखाद्या दिवशी लोहाऱ्याला यावं, गुपचूप साखळी ढिली करावी आणि म्हणावं की साखळीच खराब निघाली. रहेमान फिटरच्या हातून कधी चूक झाली नाही, असं दिग्रसमध्ये लोक म्हणतात. ते ऐकायची मला चटक लागली आहे. मग तुझं पत्र आलं. माझी अब्रू राहावी म्हणून तुला सगळ्यांसमोर रडावं लागलं. निकिताबेटी, तू तिला दोनदा विचारलंस, लपवलं का. तिने काही लपवलं नाही. लपवलं मी.

आणि आणखीही एक लपवलं आहे. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली, जवळजवळ काहीच नाही. समोरचा काय बोलतो ते मी ओठांवरून ओळखतो. मिलच्या मशिनींनी हळूहळू नेलं. फोन नको म्हणालो तो त्यासाठी, वर कागदाचं शहाणपण सांगितलं. तारांचे आवाज लिहून मागितले तेही त्याचसाठी. गाडी सुरू केली तेव्हा मी टाकीवर हात ठेवून बसलो होतो, तुम्हाला वाटलं असेल मी दुआ करतो आहे. मी इंजिन तळहाताने ऐकत होतो. माझ्याभोवती आता दिवसभर बर्फ पडल्यासारखी शांतता असते. बर्फ मी पाहिला नाही, पण असंच असेल. त्या शांततेत तुझी टिण टिण यायची आणि माझा आठवडा जायचा. तुझी पत्रं बंद झाली तर मला फार जड जाईल, बेटा. हे तुला सांगून तुझ्यावर ओझं टाकतो आहे, पण आता काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

मी गाडी नट न् नट तपासली. चालवणारी एकदाही तपासली नाही. तिचा हात केवढा आहे हेसुद्धा पाहिलं नाही.

निकिताबेटी, तुझी अट मला माहीत आहे. तू ठरवशील ते मला कबूल आहे. तोपर्यंत गाडी चालवू देऊ नको. पोरीवर रागावू नको, आणि कपिलवरही.

रहेमान

*

लोहारा, २३ एप्रिल २०२५

आदरणीय रहेमानचाचांना,

निकिताचा नमस्कार, आणि चाचींनाही.

सुरभी परत लिहिणार नाही म्हणाली होती आणि हट्टात ती माझ्यावर गेली आहे, म्हणून हे पत्र मी लिहिते आहे. तुमचं पत्र आम्ही जवळ बसूनच वाचलं. मी मोठ्याने वाचत होते. अर्ध्यावरून पुढचं तिने वाचलं.

खोटं कशाला बोलू, मला तुमचा फार राग आला. दोन दिवस मी ओसरीत उभ्या गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. भाकरी थापताना, नळावर, कुठेही डोळ्यांसमोर तोच उंचवटा यायचा आणि त्यावरून खाली येणारी माझी मुलगी. इस्त्रीची साडी नेसून मी तिथे टाळ्या वाजवायला उभी राहिले असते, हे मनातून जात नव्हतं.

सोमवारी ती शाळेत गेल्यावर मी गाडीजवळ जाऊन बसले. साखळीला बोटं लावून पाहिली. तिची जिथे दोन भरतात तिथे माझं दीड भरलं. संध्याकाळी कपिलला लावायला सांगितलं, त्याचं एकाच्या थोडं वर गेलं. तो एवढंच म्हणाला, "चाचाचं नाव निंगालं का मी सोता बोट लावून पायतच नाई." मलाही तेच म्हणायचं आहे. तिने आधी साखळीचं सांगितलं, तेव्हा मीही उठून बघायला गेले नव्हते. तुमचं हो आलं की झालं, असं मी धरून चालले. चूक एकट्या तुमची नाही.

तरीही मी जे बोलले ते बोलले. चूक निघाली, गाडी परत दिग्रसला येते आहे. शनिवारी कपिलच्या कंपनीचा टेम्पो पुसदला जातो, तो तुमच्या दारात उतरवेल.

गाडीबरोबर चालवणारीलाही पाठवते आहे. तिची परीक्षा शुक्रवारी संपते. तुम्हीच लिहिलंत की चालवणारी तपासली नाही, तर आता तपासा. तिचा हात केवढा, पाय कुठे टेकतो, ती घाबरते कधी आणि घाबरल्यावर गप्प बसते कधी. पंधरा दिवस लागले तरी लागू द्या. तुम्हाला खात्री वाटेल तेव्हा कळवा, मी स्वतः दोघींना न्यायला येईन, आणि आधी सगळं मला शिकवाल तेव्हाच नेईन.

ती वांग्याची भाजी खात नाही. सकाळी उठवायला दोनदा हाका माराव्या लागतात, त्या चाचींना मारायला सांगा. तुम्हाला ऐकू येत नाही हे कळल्यापासून ती फार विचारात असते. परवा माझ्याकडून दोन कोऱ्या वह्या मागून घेतल्या. काल सहज बघितलं तर पहिलीची अकरा पानं भरलेली आहेत. आत काय आहे ते मला दाखवत नाही. वर तुमचं नाव लिहिलं आहे.

तुमची,
निकिता